दादांची चड्डी आणि माझे ५१,१९० रुपये

हसा. बायको हसली, मुलगा हसला, पोलीस ठाण्यातला अंमलदार तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. तुम्हीही एकदा हसून घ्या आणि मग वाचा, कारण मला फसवणारा तो फोनवरचा पोरगा अजून धंदा करतोय.

दादा कोंडके हे माझं जुनं वेड. ‘विच्छा माझी पुरी करा’ची हँडबिलं, ‘सोंगाड्या’ची शो-कार्डं, गाण्यांच्या चोपड्या, तबकड्या असं दोन ट्रंका भरून आहे. पण सगळं कागद नाहीतर प्लास्टिक. लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी करून गिनीज बुकात गेलेला माणूस, आणि त्याच्या अंगावरची एक वस्तू माझ्याकडे नाही, ही रुखरुख होती. त्या पोराने नेमकी तीच ओळखली. आपणच ओळख करून देतो म्हणा. जिथे तिथे ‘वापरातली वस्तू असल्यास कळवा’ असं मी स्वतःच लिहून ठेवलं होतं. तुम्ही लिहिलं असेल तर आज पुसा.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. आजोबा कपडेपटात होते, आजोबा वारले, माळ्यावर ट्रंक निघाली. वस्तू म्हणजे ‘सोंगाड्या’तली ढगळ, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, लोंबत्या नाडीसकट. “पुण्याचे एक शेठ साठ हजार द्यायला तयार हैत काका, पण आजोबांचा जीव होता त्यात. रसिक माणसाच्या घरात जाऊ दे म्हटलं.” कोल्हापुरी बोलणं इतकं गोड की मीच त्याला भाव वाढवून देतो की काय, असं झालं. टोकन ५,०००. मग २८,५००. ‘अस्सल असल्याचा दाखला’ करायला १,७५०. विम्यासह कुरिअर ९४०. चड्डी खरंच आली, म्हणून विश्वास बसला, आणि ‘पांडू हवालदार’मधल्या शिट्टीसाठी १५,००० आगाऊ दिले. शिट्टी आजतागायत वाजलेली नाही.

आता ती पावती. चड्डीबरोबर दादरच्या कुण्या शिंप्याची पिवळी पडलेली पावती होती. ‘चड्डी नग २’, तारीख १२ जानेवारी १९७१, खाली चित्रपट कंपनीचं नाव, आणि वर पत्त्यात ठसठशीत छापलेलं: मुंबई ४०००१४.

पिनकोड आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. हे मला कुठे शोधावं लागलं नाही. मी ३१ वर्षं आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत, टपाल छाटलं आहे. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, झोपेतून उठवून विचारा. रात्रीच्या गाडीत हलत्या दिव्याखाली वाकडंतिकडं अक्षर वाचून पत्र बरोबर खणात टाकणारा मी, आणि ही पावती लॅमिनेट करून आणली! लॅमिनेशनचे ४० रुपये वेगळे, ते हिशेबात धरलेले नाहीत. दुकानदाराने विचारलंही, “काका, इतकं जुनं कसलं बिल?” मी त्याला दहा मिनिटं दादांचं ‘तांबडी माती’तलं पदार्पण सांगत उभा होतो, पावती हातात धरून.

माझी बाजूही ऐका. माणूस वस्तू बघतो, पत्ता बघत नाही. शिवाय पिनकोड डोळ्यांना इतका सवयीचा झाला आहे की तो नसता तर कदाचित खटकलं असतं. मुलगा म्हणतो ही सबब आहे. असेल.

बारा दिवसांनी, शिट्टीचा पत्ता नाही म्हणून कागद पुन्हा काढले, तेव्हा तो आकडा दिसला आणि कानशिलं तापली. मग चड्डी खरी तपासायला घेतली. नाडी वाटीभर कोमट पाण्यात टाकली. पाण्याला रंग आला आणि वास आला तो चहाचा. कमरेची दुमड उसवली. पन्नास वर्षांच्या कापडात दुमडीच्या आत मूळ रंग थोडा तरी उजळ राहायला हवा, कारण तिथे ना ऊन लागतं ना धूळ. इथे आतबाहेर एकसारखा पिवळा, म्हणजे अख्खी चड्डी चहात बुडवलेली. शिवणीचा धागा काडीने पेटवला, तर राख न होता काळा मणी झाला, म्हणजे धागा सुती नाही, कृत्रिम. टेरिलिन तेव्हाही होतं, त्यामुळे एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, पण पोरगा ‘शंभर टक्के सुती’ म्हणाला होता. आणि पट्टेरी कापड असेल तर सगळ्यात सोपी गोष्ट, जी मी शेवटी केली: शिवणीवर पट्टे कुठे कसे जुळतात ते चित्रपटातल्या छायाचित्राशी ताडून बघा. एकाच ताग्यातल्या दोन चड्ड्यांचंसुद्धा ते सारखं येत नाही. फोटो मागवताना शिवणीचे मागा, दूरचे नकोत.

बायको म्हणाली, “अहो, सिनेमातले कपडे धुऊन पुढच्या सिनेमात वापरायचे, फाटले की फडकं, असं तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?” सांगतो. दुसऱ्यांना.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तेव्हा बारा दिवस उलटले होते. पहिल्या काही तासांत केलात तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले जाण्याची आशा असते, तेव्हा लाज नंतर बाळगा, फोन आधी करा. बँकेत गेलो. व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, म्हणाले. हे मला माहीत नव्हतं का? अर्ज दिला, पोच मागितली, तर शिक्का संपला होता. बँकेतला शिक्का संपतो! पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, “वस्तू मिळाली ना काका? मग फसवणूक कसली?” तिसऱ्यांदा, “पैसे कोल्हापूरच्या खात्यात गेलेत, तिकडे जा.” खोटी वस्तू खरी म्हणून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, आणि गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर नोंदवून घेतली पाहिजे असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. मुलाने हे छापून दिलं होतं. अंमलदाराने तो कागद घेतला, वाचला, आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला. वर आत हाक मारून, “अरे, दादांची चड्डी आलीय बघ!” दोघे जण खरंच बघायला आले. एकाने फोटो काढला. तक्रार मात्र कोणी लिहून घेतली नाही. शेवटी त्याच कलमाने पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने लेखी कळवलं. पोचपावती आली आहे, उत्तर नाही.

पैसे परत देतो म्हणून पोराने क्यूआर पाठवला होता. तो मी स्कॅन केला नाही. इतकाही मूर्ख नाही.

पण त्याआधी एक चूक केली होती. पिनकोड दिसला त्या रात्री संतापात त्याला फोन लावला आणि सगळं बोललो: पिनकोड कधी आला, पावती कशी खोटी, आर.एम.एस.ची ३१ वर्षं. तो शांतपणे “हो काका, हो काका” करत राहिला. गेल्या आठवड्यात सांगलीच्या एका संग्राहकाने त्याला आलेले फोटो मला दाखवले. तसलीच चड्डी, तोच शिंपी, तोच पिनकोड. चित्रपट आता ‘पांडू हवालदार’, आणि पावतीवरची तारीख १२ जानेवारी १९७५.