सियागंजातलं जुन्या वायरलेसचं दुकान: सेट घ्या, डुप्लेक्सर नका घेऊ

इंदूरच्या सियागंजात आतल्या गल्लीत एक दुकान आहे, नाव नाही टाकत कारण पुढे तक्रार पण आहे. कंपन्यांच्या गाड्यांतून निघालेले वायरलेस सेट ढिगाने पडलेले असतात तिथे. हॅम रेडिओच्या टू मीटर बँडचा रिपीटर बनवायचा म्हणून मला दोन मोटोरोला जीएम ३०० हवे होते, एक ऐकणारा आणि एक ऐकलेलं लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर फेकणारा.

सेट मस्त निघाले. मागे १६ पिनांचा कनेक्टर असतो ना, पीटीटी (बोलायला दाबायचं बटण), ऑडिओ, सिग्नल आल्याची सीओआर लाइन सगळं तिथूनच मिळतं, फक्त फ्लॅट ऑडिओसाठी, म्हणजे सेटने टोन न बदललेल्या आवाजासाठी, झाकण उघडून एक जंपर हलवायचा. पण घ्यायच्या आधी लेबल वाचा बरं का! १४६ ते १७४ मेगाहर्ट्झ वाले जास्त दिसतात आणि आपला बँड १४४ ते १४६, मी ढिगात हात काळे करून १३६ ते १६२ वाले शोधले, दुकानदार बिचारा काही बोलला नाही, उलट चहा पाजला. प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर डॉसचं आहे, काकांचा माळ्यावरचा जुना पीसी उतरवला तेव्हा कुठे काम झालं. आणि पॉवर १० वॉटवर आणून वर पंखा लावला, कारण गाडीचा सेट थोडं बोलायला बनलेला असतो, रिपीटरमधे तो मिनिटंच्या मिनिटं दाबलेला राहतो, भट्टी होते.

आता तक्रार. डुप्लेक्सर म्हणजे एकाच अँटेनावर ऐकणं आणि फेकणं वेगळं ठेवणारा डबा, आत ट्यून केलेले धातूचे कप्पे, त्यांना कॅव्हिटी म्हणतात. छोटा, सहा कॅव्हिटीचा दाखवून दुकानदार म्हणाला, 'भिया, आँख मूँद के लगा दो.' मी पण लावला. डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) टेस्टिंग, लायसनवाला मित्र हँडी (हातातला वायरलेस) घेऊन जिन्यात उभा. तो बोलला की रिपीटर उचलायचा, म्हणजे फेकायला लागायचा, उचलला की स्वतःच्याच आवाजाने रिसीव्हर बहिरा, म्हणून बंद, बंद झाला की परत ऐकू यायचं, परत उचलला... टकटक टकटक, आई स्वयंपाकघरातून विचारते काय फुटलं रे! हे छोटे डबे ऐकायच्या आणि फेकायच्या फ्रिक्वेन्सीत साधारण ५ मेगाहर्ट्झचं अंतर असेल त्यासाठी असतात, आपलं अंतर ६०० किलोहर्ट्झ, त्याला ड्रमसारख्या मोठ्या कॅव्हिटी लागतात. मला हे आधी कळायला हवं होतं, पण त्याने पण फ्रिक्वेन्सी विचारली नाही ना.

परत द्यायला गेलो तर पैसे नाही, सामान बदलून घ्या म्हणाला. जड ट्रान्सफॉर्मरवाला १३.८ व्होल्टचा सप्लाय उचलून आणला, दोन्ही सेट त्याच्यावरच चालून राहिलेत आणि ऑडिओत हमचं, म्हणजे सप्लायच्या घूंघूं आवाजाचं, नाव नाही. सेटसाठी पाचपैकी साडेचार, डुप्लेक्सरच्या सल्ल्याला शून्य. जाल तर मल्टिमीटर आणि १२ व्होल्टची बॅटरी सोबत न्या, काउंटरवर चालू करून बघू देतो, त्याला नाही म्हणत नाही.