मायकार्टा, जी-टेन की लाकूड? फोल्डिंग चाकूच्या मुठी वर्षभर वापरून

चाकूवेडी मंडळी पात्याच्या पोलादावरून तासन्‌तास भांडतात. माझ्या चाकूचं पातं मॅग्नाकट नावाच्या स्टेनलेस पोलादाचं आहे. गंजत नाही, धार टिकते, विषय संपला. सेमी-कस्टम, म्हणजे ठरलेल्या डिझाइनमधल्या काही गोष्टी आपण निवडायच्या असा चाकू घेताना पात्याचा आकार, लॉक, स्क्रू हे सगळं बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. आपल्याला खरी मोकळीक असते ती मुठीत, आणि नेमकी तीच बरेच जण फोटो बघून उरकतात.

माझा चाकू अमेरिकेतल्या एका छोट्या वर्कशॉपमधला. सव्वातीन इंची पातं, आत स्टीलच्या पातळ पट्ट्या, म्हणजे लायनर, त्यातलाच एक उघडं पातं अडवून धरतो तो लायनर लॉक, आणि लायनरवर स्क्रूनं बसवलेल्या मुठीच्या पट्ट्या, म्हणजे स्केल. त्या बदलता येतात, म्हणून तीन जोड्या मागवल्या: काळा जी-टेन, फिक्या नैसर्गिक रंगाचा लिनन मायकार्टा आणि डेझर्ट आयर्नवुड. राहतो मिनेसोटात, त्यामुळे हाडं गोठवणारी थंडी आणि घामट जुलै, दोन्ही आयतेच मिळाले.

जी-टेन म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीत भिजवून, दाबून केलेला पत्रा. सर्किट बोर्डाचा एफआर-फोर याच घराण्यातला. पाणी पीत नाही, फुगत नाही, कशानंही डागत नाही. माझी जोडी खरखरीत फिनिशची आहे. मासे साफ करतानाही हातातून हलली नाही. पण चाकू खिशाला अडकवायच्या क्लिपच्या खालचा खरखरीतपणा खिशाच्या काठाला कानशीसारखा घासतो. दोन जीन्सचे खिसे विस्कटल्यावर क्लिपखालचा तेवढाच भाग चारशे नंबरच्या वॉटर पेपरनं गुळगुळीत केला. हे करायचं तर पाण्याखाली घासा आणि मास्क लावा, कारण ती काचेची धूळ असते. बाकी तक्रार नाही. प्रेमही नाही. आज जसा आहे तसाच तो वीस वर्षांनी असेल.

मायकार्टाची गोष्ट वेगळी. कापड किंवा कागद फिनॉलिक रेझिनमध्ये दाबून हा प्रकार अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या इन्सुलेशनसाठी काढला. सुट्टीत इचलकरंजीला गेलो (चाकू अर्थात चेक-इन बॅगेत), तेव्हा बाबांनी हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "अरे, हे हायलम आहे की! आम्ही याच्या बुशी टर्न करायचो. एवढे पैसे घेतले याचे?" पैशांबद्दल मी मोघम बोललो. पण त्यांचं बरोबर होतं, वर्कशॉपमधल्या कापडी हायलम शीटचाच हा भाऊबंद.

नवीन असताना मायकार्टा कोरडा, जरा खडूसारखा लागतो. हाताचं तेल मुरत जातं तसा रंग गडद होतो, आणि जिथे अंगठा टेकतो तिथे आधी. ओला झाला की पकड कमी होण्याऐवजी वाढते, कारण पृष्ठभागावर कापडाचे धागे थोडे उघडे असतात. हे सगळं वाळूच्या माऱ्यानं खरखरीत (ब्लास्ट) केलेल्या किंवा नुसत्या घासलेल्या मायकार्टाबद्दल. तोच आरशासारखा पॉलिश केला तर ओल्या हातात साबणाच्या वडीसारखा निसटतो. म्हणून ऑर्डर देताना मटेरियलच्या नावाच्या आधी फिनिश विचारा. नाव तेच असूनही दोन मुठी हातात अगदी परक्या वाटू शकतात.

आता फिक्या मायकार्टाचा दोष. डिसेंबरात इंडियन स्टोअरमध्ये ओली हळद मिळाली, लोणचं घालायचं म्हणून बायकोनं आणली, आणि सोलायला-चिरायला मी हाच चाकू घेतला. पंधरा मिनिटांत मूठ पिवळीधमक. साबण, लिंबू, खाण्याचा सोडा, कशालाही दाद दिली नाही. मग स्केल काढून खिडकीत उन्हाला ठेवले. हळदीचा रंग उन्हात उडतो, तसा आठवडाभरात बहुतेक उडाला. पण विणीच्या उभ्या-आडव्या रेघांमध्ये अजून बारीक पिवळी जाळी दिसते. मला ती आवडते. ज्यांना आवडणार नाही त्यांनी हिरवा किंवा काळा मायकार्टा घ्यावा.

आयर्नवुड दिसायला तिघांत देखणं, यात वाद नाही. मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातलं हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. मऊ लाकडं व्हॅक्यूममध्ये रेझिन पाजून स्टॅबिलाइझ करतात. याच्यात रेझिन नीट शिरतच नाही, म्हणून तसंच वापरतात. पण लाकूड ते लाकूडच. जानेवारीत घरात हीटर चालू, हवा कोरडी ठाक, तेव्हा स्केल आडवं किंचित आकसलं आणि लायनरची कड नखाला लागायला लागली. उन्हाळ्यात ती परत सपाट. काम अडत नाही, पण ज्याला अशी कड लागली की चैन पडत नाही त्यानं लाकडाच्या वाटेला जाऊ नये.

टायटॅनियम मी घेतलं नाही. अटलांटाच्या ब्लेड शो या चाकूंच्या प्रदर्शनात भरपूर हाताळलं. त्याच्या मुठींवरचा निळा-जांभळा रंग हा लावलेला रंग नसतोच. द्रावणात बुडवून वीज सोडतात, तिच्या दाबानुसार धातूवरचा ऑक्साइडचा थर कमी-जास्त जाड होतो आणि प्रकाशाचा खेळ दिसतो. स्टीलपेक्षा बरंच हलकं, ॲल्युमिनियमइतकं गारही लागत नाही. तरी इथल्या फेब्रुवारीत हातमोजा काढून धातू धरायची माझी तयारी नव्हती.

ऑर्डरच्या फॉर्मवर जुन्या साठ्यातलं सांबरशिंगही होतं. एकेकाळी शेफील्डच्या चाकूंना आपल्याकडचंच शिंग जायचं. पुढे भारतानं निर्यात बंद केली आणि भाव आभाळाला भिडले. शिंग दरवर्षी आपोआप गळतं हे खरं, पण गळालेल्या शिंगाचा व्यापारही आपल्याकडे कायद्यानं बंद आहे. असला चाकू घेऊन भारतात उतरायची हौस मला नाही.

एक राग मात्र आहे. स्केल बदलता येतात अशी जाहिरात करायची आणि स्क्रूंना पक्कं, लाल लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावून पाठवायचं, याला काय म्हणावं? पहिल्याच वेळी एका स्क्रूचं डोकं गेलं. सोल्डरिंग आयर्नची नोक मिनिटभर टेकवून गरम केला तेव्हा सुटला. ईमेल केल्यावर नवे स्क्रू फुकट आले, खुलासा आला नाही. आता हातानं सुटणारं निळं लॉकटाइट, तेही टाचणीच्या टोकावर मावेल एवढं. सध्या चाकूवर मायकार्टा आहे, जी-टेन फक्त मासेमारीला जाताना चढवतो, आणि आयर्नवुडची जोडी मेव्हण्यानं मागितलीय. तो पुण्यात असतो आणि त्याच्याकडे हा चाकू नाही, हे त्याला दोनदा सांगून झालं.