थंडीत फ्लाइंग सुरू केलं: सात महिने आणि 41 तासांनंतर

"थंडी सरू दे, मग सुरू कर," असं बहुतेकांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ऐन थंडीतच विमान चालवायला शिकू लागलो. आज लॉगबुकात 41 तास आहेत, त्यातले 24 थंडीतले.

आधी रडगाणं. पहिल्या दोन महिन्यांत 31 स्लॉट (उड्डाणासाठी ठरवलेल्या वेळा) घेतले, उडालो 17. कधी धुकं, कधी ढग अंगावर आलेले, एकदा बॅटरीच बसलेली. नंतर नंतर सकाळी उठून आधी मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, बघायचो. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचाच फरक आणि वारा पडलेला असला, की धुक्याची शक्यता धरून निघण्याची घाई करायचो नाही.

प्रीफ्लाइटला, म्हणजे उडण्याआधीच्या विमानाच्या तपासणीला, मात्र थंडीसारखा मास्तर नाही. एका सकाळी पंखांवर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा दवाचा थर गोठला होता. मी कापडाने वरवर पुसून मोकळा झालो. उडायला शिकवणाऱ्या सरांनी हातमोजा काढायला लावून माझा तळवा पंखावरून फिरवला. खरखरीत! "सँडपेपर लावून उडणार आहेस का?" एवढंच म्हणाले. असा खरखरीत थर लिफ्ट (पंखांचा उचलणारा जोर) 30 टक्क्यांपर्यंत घटवतो आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) 40 टक्क्यांपर्यंत वाढवतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. हाताला तेव्हा कळलं. पंख आणि शेपटी साफ करण्यात स्लॉट संपला. त्या दिवशी उड्डाण शून्य.

दुसरा धडा कार्बोरेटरचा, म्हणजे इंजिनात हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा. आमची सेसना जुनी, फ्युएल इंजेक्शन नसलेली. बाहेर 8 अंश, हवा ओलसर. आरपीएम (इंजिनाचे फेरे) हळूहळू उतरत होता आणि मी आपला थ्रॉटल, म्हणजे ताकद वाढवायचा दांडा, पुढे सारतोय. सरांनी कार्ब हीट (कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारा खटका) ओढली, तर इंजिन आणखीच खडखडलं. पोटात गोळा आला. थोड्या वेळाने आतला बर्फ वितळला आणि आरपीएम परत चढला. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा इतकी गार होते की बाहेर 20 अंश असले तरी बर्फ धरू शकतो. मी समजत होतो, शून्याखालीच धरतो.

केबिन हीटरची ऊब एक्झॉस्टभोवतीच्या (इंजिनाचा धूर नेणाऱ्या नळीभोवतीच्या) हवेतून येते. तिथे चीर गेली तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत, आणि त्याला वास नसतो. छोटा डिटेक्टर घ्याच, यात कंजुषी नको.

आता सुख. गार हवा दाट असते, त्यामुळे विमान चढतं काय झकास! वर हवाही बहुतेकदा शांत. ट्रिम (नाक एका जागी धरून ठेवणारी सोय) लावून हात सोडला तरी नाक हलत नव्हतं. 19 तासांत सोलो, म्हणजे पहिलं एकट्याचं उड्डाण, झालं आणि मी स्वतःवर बेहद्द खूश.

मग उन्हाळा आला. थंडीत रनवे संपेपर्यंत 500 फूट उंची व्हायची. तेच विमान, तेच आम्ही दोघं, 36 अंशांत जेमतेम 300. फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात, तापल्या जमिनीवरून येणारे झोत विमान वर उचलत होते. स्पीड काट्यावर तोच, पण विरळ हवेत जमीन जास्त वेगाने मागे पळते. माझा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) पार गंडला, सलग तीन लँडिंग लांबली. ज्या लँडिंगांचं श्रेय मी घेत होतो, त्यातलं बरंचसं थंड हवेचं होतं.

परत सुरू करायचं झालं तरी थंडीतच करीन. फक्त थोडे तास दुपारच्या उन्हासाठी राखून ठेवीन. आणि हातमोजे पातळ घ्या: जाड मोज्यांत टाकीतलं पेट्रोल तपासायला काढून घ्यायचा ड्रेनचा कप नीट धरता येत नाही, आणि उघड्या बोटांवर पेट्रोल सांडलं तर ते वाफ होऊन उडताना असं काही गारठवतं, की पुढचा अर्धा चेकलिस्ट शिव्या देत होतो.