निवड समिती की सर्वांना प्रवेश? सीमाभागातील नवोदित चित्रकारांच्या पहिल्या खुल्या प्रदर्शनासाठी तुलनात्मक आढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या परिसरातील चित्रकार स्वतःच्या पुढाकाराने नवोदितांसाठी खुले प्रदर्शन भरवायचे ठरवतात, तेव्हा सभागृह, तारखा आणि उद्घाटक यांची चर्चा आधी होते. त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लागायला हवा: आलेल्या कलाकृतींतून निवड करायची, की नियमात बसणारी प्रत्येक कलाकृती लावायची? जागा, पैसा आणि नियमावली या साऱ्या गोष्टी याच उत्तरावर अवलंबून असतात.

दोन्ही पद्धतींना जुनी परंपरा आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून भरते. तेथे कोणीही कलाकृती पाठवू शकतो, पण भिंतीवर काय लागणार हे समिती ठरवते. याउलट पॅरिसमध्ये १८८४ साली स्वतंत्र कलाकारांनी संस्था स्थापन केली ती ‘परीक्षक नाहीत, पारितोषिके नाहीत’ या तत्त्वावर. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली याच धर्तीवर, सहा डॉलर भरणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश देणारे आणि आडनावांच्या वर्णानुक्रमाने चित्रे लावणारे प्रदर्शन भरले. मात्र संस्थेच्या संचालक मंडळावरच असलेले फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँ यांनी कलाकृती म्हणून टोपणनावाने पाठवलेले मुतारीचे भांडे आयोजकांनी मांडू दिले नाही आणि द्युशाँ यांनी मंडळाचा राजीनामा दिला. सर्वांना प्रवेश देणाऱ्यांनी आकार, वजन, माध्यम आणि आक्षेपार्हतेच्या मर्यादा अर्ज मागवण्यापूर्वीच लिहून काढाव्यात, हे या प्रसंगावरून शिकण्यासारखे आहे.

निवड पद्धतीचा मोठा फायदा जागेच्या हिशेबात दिसतो. चौकटीसह कमाल रुंदी तीस इंच आणि दोन चित्रांत सहा इंच अंतर धरल्यास प्रत्येक चित्राला तीन फूट भिंत लागते. चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद सभागृहाच्या भिंती मिळून १३० फूट भरतात. दारे, खिडक्या आणि व्यासपीठ वगळता साधारण नव्वद फूट हाती राहतात. निवडलेली तीस चित्रे तेवढ्यात एका ओळीत, नजरेच्या उंचीवर, व्यवस्थित बसतात. साठ चित्रकारांना प्रवेश द्यायचा झाल्यास आणखी नव्वद फूट लागतील, म्हणजे आठ बाय चार फुटांचे, उभे व एकमेकांना लागून लावून दोन्ही बाजूंनी वापरता येणारे किमान बारा प्लायवूडचे फलक, त्यांचे आधार, सुतार आणि वाहतूक हा सारा खर्च वाढेल. शिवाय साठ चित्रे पाहताना प्रेक्षक थकतो, आणि शेवटच्या फलकावरच्या चित्रांना त्याच्या लक्षाचा उरलासुरला वाटाच मिळतो.

असे असूनही निवडीबद्दल माझ्या मनात गंभीर शंका आहेत. बेळगावला के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूंमुळे व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांची सकस वास्तववादी परंपरा लाभली. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले. या वारशाचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु त्याच संस्कारात वाढलेल्या परीक्षकांच्या समितीसमोर खानापूरच्या मातीकामातून घडलेली आधुनिक रचना किंवा एखाद्या मुलीचे कापडावरचे शिवणकाम कसे ठरेल, याचा विचार आधीच व्हायला हवा. दुसरी अडचण छायाचित्रांची. एका प्रदर्शनासाठी आम्ही मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून निवड केली आणि एक जलरंगातले चित्र मळकट वाटले म्हणून बाजूला ठेवले. पुढे ते प्रत्यक्ष पाहिले तेव्हा कळले, की फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता आणि चित्रातला निळा रंग अतिशय निर्मळ होता. त्या मुलाला आम्ही नकाराचे कारणही कळवले नव्हते. ती चूक मला आजही बोचते.

सर्वांना प्रवेश देण्याचा मोठा फायदा नवोदिताच्या शिकण्यात दिसतो. गावातला विद्यार्थी कर्नाटकाच्या लोअर आणि हायर या चित्रकलेच्या परीक्षा उत्तीर्ण होतो, शाळेत कौतुक होते आणि त्यानंतर त्याचे चित्र घराबाहेरच्या भिंतीवर कधी लागतच नाही. स्वतःचे काम इतरांच्या कामाशेजारी टांगलेले पाहिल्यावर रंगाची ताकद, चौकटीची चूक, आकाराचा तोकडेपणा त्याला जसा जाणवतो, तसा तो नकाराच्या पत्रातून कळणे शक्य नाही.

पैशाच्या बाबतीत सर्वांना प्रवेश देणारी पद्धत अधिक सरळ आहे. फलक व सभागृहाचा खर्च सहभागींत समान वाटून प्रवेश शुल्क ठरवता येते. निवड पद्धतीत शुल्क आधी घेतले तर नाकारलेल्यांच्या पैशांवर निवडलेल्यांचे प्रदर्शन भरते. म्हणून ते निवडीनंतरच घ्यावे. विक्रीवरच्या कमिशनवर पहिल्या वर्षी कोणत्याही पद्धतीत विसंबू नये.

काळाबाबत दोन्हींना एकच नियम लागू आहे: पावसाळ्यात बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते आणि गणेशचतुर्थीपर्यंत मूर्तिकारांना उसंत नसते, तेव्हा डिसेंबर-जानेवारी उत्तम. चित्राखालची माहितीपट्टीही दोन्हींत मराठी आणि कन्नड अशी दुहेरी असावी, कारण येथला नवोदित दोन्ही भाषांचा आहे.

तुमच्याकडे नव्वद फुटांहून कमी भिंत असेल आणि फलकांची सोय होणार नसेल, तर निवड करा. मात्र ती मूळ कलाकृती पाहून करा आणि प्रत्येक नकारासोबत दोन ओळींचे कारण लिहून द्या. त्याहून अधिक जागा असेल, तर पहिल्या वर्षी प्रत्येकी एक कलाकृती या अटीवर सर्वांना प्रवेश द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन ज्येष्ठ चित्रकारांची समिती तेव्हाही नेमावी, पण तिने मांडणी ठरवावी आणि एका दुपारी प्रत्येक नवोदितासोबत त्याच्या चित्रासमोर दहा मिनिटे उभे राहून बोलावे. साठ जणांची सहाशे मिनिटे होतात. तिघांनी वाटून घेतल्यास प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन तास वीस मिनिटे येतात.