कॉमेट की मायक्रोन्यूक्लियस?

ल्युकोप्लाकिया (तोंडातला पांढरा चट्टा, जो पुढे कर्करोगात बदलू शकतो) आणि तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांमधली डीएनएची हानी मोजायची आहे, पण कॉमेट आणि मायक्रोन्यूक्लियस या दोन चाचण्यांपैकी कोणती घ्यावी, असं एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने विचारलं.

कॉमेटमध्ये पेशी जेलमध्ये बसवून फोडतात. विद्युतप्रवाह दिला की तुटलेला डीएनए केंद्रकातून शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. यातली बरीच हानी पेशी काही तासांत दुरुस्तही करते, म्हणजे आकडा त्या घडीचा. मायक्रोन्यूक्लियस हा विभाजनात मागे राहिलेला गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र. हानी तोंडाच्या अस्तराच्या खालच्या थरात होते आणि पेशी वर यायला एक ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे तो आधीचा हिशेब दाखवतो.

माझ्या मते खरी मेख नमुन्यात आहे. कॉमेटला ताज्या, जिवंत पेशी लागतात. गालातून खरवडलेल्यांपैकी बऱ्याच मेलेल्या निघतात, म्हणून बरेच जण रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वापरतात. मग चट्ट्याबद्दल थेट काहीच कळत नाही! मायक्रोन्यूक्लियससाठी चट्ट्यावरूनच पेशी घेता येतात आणि स्लाइड स्थिर केली की घाई नाही.

खर्चातही मायक्रोन्यूक्लियस चाचणीच स्वस्त. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. कष्ट मात्र डोळ्यांचे: प्रत्येक रुग्णाच्या 1000 ते 2000 पेशी मोजायच्या. पेशी रंगवायला गीम्सा टाळा, त्यात केराटिनचे कण आणि जिवाणूही मायक्रोन्यूक्लियस वाटतात, फक्त डीएनए रंगवणारं फॉयल्गेन वापरा.

चट्ट्यावर लक्ष ठेवायचं असेल, तर मायक्रोन्यूक्लियस. रेडिओथेरपीनंतर रक्तपेशी हानी किती लवकर भरून काढतात हे पाहायचं असेल, तर कॉमेट. निदानासाठी दोन्ही नाहीत, तिथे बायोप्सीच.