घाट फक्त उतरताना दाखवला होता

बेळगावच्या शहापुरातल्या एका घरी लॉरीने सहा बाय चार फुटांचा तयार मॉडेल रेल्वे लेआउट आला. सौदा ८५,००० रुपयांचा. त्यातले ५०,००० आगाऊ आणि उरलेले माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचल्यावर, पण पॅकिंग उघडण्याआधी. जाहिरातीत पाच गोष्टी होत्या: ब्रागांझा घाट (कॅसलरॉक ते कुळे), एचओ स्केल, पूर्ण डीसीसी (रुळांतून इंजिनाला डिजिटल हुकूम देण्याची पद्धत), निकेल सिल्व्हर रूळ, १२ मिमी मरीन प्लाय. पाचांतली एकही धड खरी निघाली नाही. पाचही तपासायला लागणारं सामान मात्र साधंच असतं, म्हणून हे सविस्तर.

आमिष अचूक निवडलं होतं. लोंढ्याहून गोव्याच्या गाडीत एकदा तरी बसलेल्या बेळगावकराला दूधसागरचा पूल दाखवला की तो भाव करायचं विसरतो. व्हिडिओत पुलावरून डिझेल इंजिन पाच निळे डबे घेऊन येतं, मागे धबधबा, वर इंजिनाचा आवाज. चाळीस सेकंदांचे तीन तुकडे, आणि तिन्हींत गाडी उतरतेय. चढताना एकदाही नाही. फोनवर विचारल्यावर उत्तर आलं, "काका, रंग ओला आहे, चढाची शूटिंग नंतर पाठवतो." ती कधीच आली नाही.

चढ का दाखवला नाही, हे कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं. कॅसलरॉक ते कुळे हा खरा घाट ३७ ला १ चढाचा आहे, म्हणजे ३७ मीटर लांबीत १ मीटर चढ, आणि तिथे मालगाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. मॉडेलमध्ये एक लाइन दुसरीवरून न्यायची तर रुळाच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ७० मिमी उंची लागते. ३७ ला १ ने ७० मिमी चढायला २.५९ मीटर लांबी हवी आणि तेवढीच उतरायला, झाले ५.१८ मीटर. सहा बाय चारच्या फळीवर ४३८ मिमी त्रिज्येच्या वळणांची अंडाकृती बसवली तर वळणांची लांबी २.७५ मीटर आणि दोन सरळ भाग मिळून १.६५ मीटर, म्हणजे पूर्ण फेरी ४.४ मीटरची. पाच मीटर घाट साडेचार मीटरच्या फेरीत बसत नाही, आणि स्टेशनची सपाट जागा तर अजून धरलेलीच नाही. म्हणजे चढ तीव्र केलेला असणारच.

मोजल्यावर तेच निघालं. मीटरभर लांबीची सरळ पट्टी रुळावर ठेवली, वर पाणसळ ठेवून खालचं टोक उचलत पट्टी सपाट केली आणि त्या टोकाखालची फट मोजली. ३७ ला १ असता तर ती २७ मिमी भरली असती. भरली ५० मिमी, म्हणजे २० ला १. या चढावर गाडीच्या वजनाचा विसावा भाग तिला मागे ओढतो. १५० ग्रॅमचे पाच डबे आणि ३०० ग्रॅमचं इंजिन धरलं तर ही मागची ओढ ५२ ग्रॅम. तेवढ्या वजनाच्या इंजिनाची पकड साधारण वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी, म्हणजे ६० ग्रॅमच्या आसपास. वळणाचं घर्षण आणि डब्यांच्या चाकांचा अडथळा मिळवला की शिल्लक काही राहत नाही, चाकं जागीच फिरतात. दोन डबे कसेबसे चढतात. पाच डबे फक्त उतरतात, व्हिडिओत दिसले तसे.

म्हणून तयार लेआउट घेताना सलग, कट न केलेला व्हिडिओ मागायचा: पूर्ण गाडीसह तीन फेऱ्या, कंट्रोलर आणि त्यावरचा हात फ्रेममध्ये, मागून गाणं किंवा चढवलेला आवाज नाही. जमलं तर व्हिडिओ कॉलवर गाडी चढाच्या मध्यावर थांबवायला सांगा आणि तिथूनच पुन्हा सुरू करायला लावा. खोटा घाट इथेच उघडा पडतो.

आता इंजिन आणि डबे. एचओ म्हणजे १:८७, ओओ म्हणजे १:७६. दोन्ही १६.५ मिमी रुळांवर चालतात, आणि गफलत करायला हीच सोय पुरते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिमी, त्यामुळे १:८७ ला रुळांमधलं अंतर १९.३ मिमी यायला हवं. तरी जवळपास सगळेच बनवणारे १६.५ वर काम भागवतात, त्यात फसवणूक नाही. पण कोणी "अचूक भारतीय गेज" म्हणून जादा पैसे मागू लागला तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकपट्टी) लावा. शहापूरच्या मालात १:८७ च्या अमेरिकन डिझेल इंजिनाला भारतीय रंग दिला होता आणि मागे ओओचे ब्रिटिश डबे निळे रंगवून जोडले होते. आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या कारखान्यातल्या डब्याची बॉडी साधारण २१.३ मीटर, १:८७ ला ती २४५ मिमी भरली पाहिजे. इथे २५८ भरली. लांबीतला हा फरक एकवेळ नजरेतून सुटेल. दारं आणि खिडक्या मात्र इंजिनाच्या दारा-खिडक्यांच्या मानाने मोठ्या दिसतात, गाईला हत्तीची पिल्लं व्हावीत तशी.

इंजिन उलटं करून पाहिलं तर चेसिसला केसासारख्या भेगा आणि एक टोक किंचित फुगलेलं. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की वर्षानुवर्षांनी तो धातू आतून फुगतो, तडकतो. दमट हवेत हे लवकर होतं आणि याला इलाज नाही, ना वेल्डिंग ना डिंक. जुनं इंजिन घेताना तळाचा, भरपूर उजेडातला फोटो हवाच. नवा रंग फक्त वरच्या प्लास्टिकला दिलेला असतो, खालचं वय त्याने लपत नाही.

डीसीसीची गोष्ट थोडक्यात. "डीसीसी रेडी" म्हणजे आत फक्त सॉकेट, डिकोडर (हुकूम समजून मोटर चालवणारी चिप) नाही. "डीसीसी फिटेड" म्हणजे डिकोडर बसवलेला. विक्रेत्याने रेडीचं फिटेड केलं ते बोलण्यात. खात्री करायची तर प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सेटिंगसाठी वेगळा ठेवलेला रूळ) सीव्ही ८, म्हणजे डिकोडरमधली आठव्या क्रमांकाची नोंद, वाचायला सांगा. डिकोडर असेल तर बनवणाऱ्याचा क्रमांक येतो. बरोबर आलेला पॉवर अॅडॉप्टर जपानी होता, १०० व्होल्टचा. आपल्याकडच्या २३० वर लावला असता तर पहिल्याच सेकंदाला गेला असता. अॅडॉप्टरवरचं इनपुट वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

वायरिंगच्या बाबतीत जाणकारही फसतात. पूर्ण लेआउटला वीज एकाच जागी जोडलेली, पुढे सगळा प्रवाह रुळांच्या जोडपट्ट्यांमधून. मल्टिमीटर लावला तर लांबच्या टोकालाही १२ व्होल्ट दिसले, आणि दिसणारच. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेला सांधाही त्याला चांगलाच वाटतो. तपासणी भार लावून करायची. स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लांबच्या टोकाला रुळांवर धरा आणि तेव्हा व्होल्ट पाहा. इथे ते १२ वरून ८ च्या खाली आले. नीट केलेल्या लेआउटमध्ये फळीखालून १.५ चौरस मिमीची जाड वायर फिरते आणि प्रत्येक मीटरला तिच्यातून बारीक वायर वर येऊन रुळाला सोल्डर केलेली असते. फळीच्या खालचा फोटो मागा. जो वरचे वीस फोटो पाठवतो आणि खालचा एकही नाही, त्याच्या मालाची खालची बाजू फोटो काढण्यासारखी नसते.

रुळांना लोहचुंबक लावा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते, तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. त्याला चुंबक चिकटत नाही. इथे सरळ भाग निकेल सिल्व्हरचे होते आणि वळणं सगळी जुन्या पोलादी रुळांची. खानापूर-बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात पोलादी रूळ तांबूस व्हायला किती वेळ लागतो, ते सांगायला नको.

प्लायचं दुखणं नेहमीचंच. मरीन म्हणजे भारतीय मानक आयएस ७१० चा, पाण्याला टिकणारा प्लाय. आयएस ३०३ मधली एमआर ग्रेड म्हणजे साधी कमर्शियल. पातळ रंगाखाली शिक्का दडलेला असतो, म्हणून कापून उरलेला तुकडा मागवून घ्यावा आणि पातेल्यात उकळावा. मरीनचे थर सुटत नाहीत, कमर्शियल काही तासांत वहीची पानं सुटावीत तसं सुटतं. जाडी १२ सांगितली, व्हर्नियरने ९ भरली. फळी दोन तुकड्यांत होती आणि जोडाला नुसते नट-बोल्ट. बोल्टच्या भोकात खेळ असतोच, त्यामुळे प्रत्येक जोडणीला रूळ मिलिमीटरभर सरकायचे आणि गाडी तिथेच घसरायची. अशा जोडाला पॅटर्नमेकरचे पितळी डॉवेल लागतात. उद्यमबागेत फाउंड्रीचे पॅटर्न करणाऱ्या कोणालाही विचारा की, नर-मादी जोडी हातात ठेवेल.

पैशांबाबत दोनच गोष्टी. आगाऊ रक्कम कमी ठेवा आणि उरलेली माल उघडून गाडी चालल्यावर द्या. ट्रान्सपोर्टवाला घाई करत असेल तर बिल्टीवर "न तपासता घेतले" असं लिहून सही करा आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. विक्रेता हा धंदाच करत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते. विक्रेत्याशी झालेलं सगळं बोलणं मराठी मेसेजमध्ये असेल, तर त्यातली स्केल, जाडी, डीसीसी ही विधानं एका कागदावर वेगळी काढून बरोबर न्या आणि सही करण्याआधी तक्रार कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. "खेळण्याची आगगाडी" एवढंच लिहिलं गेलं तर ८५,००० चा मुद्दा तिथेच हलका होतो.

त्या लेआउटमधले सरळ रूळ, चार पॉइंट (गाडीचा रूळ बदलणारे सांधे) आणि पूल वापरण्याजोगे होते. घाटही बसवता येतो, फक्त सगळी उंची वर चढवायची नाही. वरची लाइन ३५ मिमी चढवायची आणि पुलाखालून जाणारी साइडिंग (बाजूची लाइन) फळी कापून ३५ मिमी खाली उतरवायची. मग ३७ ला १ ने चढ १.३ मीटर, उतार १.३ मीटर, आणि ४.४ च्या फेरीत १.८ मीटर पूल, स्टेशन आणि चढाच्या दोन्ही टोकांच्या हलक्या गोलाईसाठी उरतात. पण जिगसॉने कापायला फळी १२ मिमीची खरी हवी. ९ मिमी कमर्शियल कापलं की पहिल्या पावसात झोळी पडते. त्यामुळे सुरुवात नव्या प्लायपासून.