इन्स्टंट यीस्ट: नाशिकच्या तिन्ही ऋतूंतील वापरानंतर

घरी पाव भाजण्यासाठी मी इन्स्टंट ड्राय यीस्टचे अर्ध्या किलोचे पाकीट वापरतो. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू काढल्यानंतर माझे मत पक्के झाले आहे: यीस्ट उत्तम आहे, मात्र पाकिटावर छापलेल्या वेळेपेक्षा आपल्या ओट्याजवळच्या तापमानावर भिस्त ठेवावी.

या पाकिटात सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या एकपेशीय बुरशीच्या वाळवलेल्या जिवंत पेशी असतात. आपल्या जिल्ह्यातील वायनरींमध्ये द्राक्षरसाची वाइन होते तीही मुख्यतः याच जातीच्या निराळ्या वाणांमुळे. साखरेपासून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार करणे हे दोन्हीकडचे काम एकच. पावाला त्यातला वायू हवा असतो आणि वाइनला अल्कोहोल, म्हणून वाण वेगळे निवडले जातात.

मे महिन्यात अर्धा किलो मैद्याला 5 ग्रॅम यीस्ट घातले, तर पीठ तासाभराच्या आत दुप्पट होते आणि थोडा उशीर झाला की मध्यभागी खचून त्याला आंबूस, दारूसारखा वास येतो. त्यामुळे उन्हाळ्यात मी 3 ग्रॅमच घेतो आणि माठातल्या पाण्याने मळतो. याउलट जानेवारीत, पारा 10 अंशांच्या खाली उतरलेला असताना, तेच पीठ फुगायला तीन-तीन तास घेते. पण त्या संथ फुगण्यातून येणारी चव मला अधिक आवडते. बोटाने दाबलेला खळगा सावकाश, अर्धवटच भरून आला की पाव ओव्हनमध्ये घालावा, ही खूण कोणत्याही ऋतूत चुकत नाही.

हे यीस्ट आधी भिजवावे लागत नाही, थेट मैद्यात मिसळता येते, ही मोठी सोय आहे. कढत पाणी मात्र टाळावे, कारण साधारण 55 ते 60 अंशांना या पेशी मरतात. गोड बनसाठी साधे वाण कमी पडते. जास्त साखर पेशींतील पाणी ओढून घेते, तेव्हा त्यासाठी गोड पिठाचे म्हणून मिळणारे वेगळे यीस्टच घ्यावे.

एका दुकानातून आणलेल्या पाकिटात हवा शिरली होती आणि त्यातल्या यीस्टने पीठ जेमतेम हलले. दुकानदाराने ते बदलूनही दिले नाही. विकत घेतानाच पाकीट दाबून पाहावे, ते विटेसारखे घट्ट लागले पाहिजे. उघडल्यावर हवाबंद बरणीत भरून फ्रीजरमध्ये ठेवलेले यीस्ट माझ्याकडे अनेक महिने टिकले. आठवड्यातून एकदाच पाव करणाऱ्यांनी मात्र 10 ग्रॅमच्या पुड्या घ्याव्यात.